भेंडी न चिरडणारं चाक

प्रमोदिनी वैजापूरकर बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या शाळेच्या प्रयोगशाळेतलं कपाट पेचकसानं उघडत होत्या. किल्ली हेडमास्तरांच्या खिशात, हेडमास्तर कुठल्याशा सभेला गेलेले, आणि नववीच्या मुली तासाला येऊन बसलेल्या. बाईंनी कुलपाला हातच लावला नाही. सरळ बिजागऱ्या काढल्या.

मी दारात उभा होतो. "बघत काय राहिलात? धरा हे," त्या म्हणाल्या. मी कपाटाचं दार धरलं.

मी रामकिसन, मूळचा सोयगावचा. औरंगाबादच्या त्या मुलींच्या शाळेत नुकताच चित्रकलेचा शिक्षक म्हणून लागलो होतो. पुढं बाईंनी जे जे बनवलं त्याची चित्रं मी काढली, त्यामुळं सांगतोय त्यातलं बहुतेक माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे.

निजामाचं राज्य गेलं तेव्हा बाई नुकत्या शाळेत जायला लागल्या होत्या. वडील कचेरीत कारकून. उर्दूतला कारभार बघता बघता मराठीत आला आणि त्या माणसानं चाळिशीत नव्यानं दफ्तरी भाषा शिकून घेतली. मुलीला शिकवायचं हा त्यांचा हट्ट. पण शाळेत मुलींचं विज्ञान म्हणजे मास्तर टेबलावर प्रयोग करणार आणि मुली हाताची घडी घालून बघणार. एकदा प्रमोदिनीनं लोहचुंबक उचलला. मास्तरांनी तिला तास संपेपर्यंत व्हरांड्यात उभं केलं. हे त्या आम्हाला हसत सांगायच्या, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर "जमलं नाही" असं कधी म्हणाल्या नाहीत. "केलं नाही," म्हणायच्या.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब. बागायतदार घरातले, पांढरी टोपी, भारदस्त देह, आणि मनानं खरोखर चांगला माणूस. आपल्या गावातल्या पोरांसाठी काहीतरी मोठं करावं असं त्यांना फार वाटायचं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला संस्थेनं क्रांती चौकाच्या मागच्या बाजूला एक इमारत बांधली आणि आप्पासाहेबांनी जाहीर केलं, इथं मुलांसाठी विज्ञानाचं दालन करायचं. काम बाईंकडं आलं.

आप्पासाहेबांच्या मनात रॉकेटची प्रतिकृती होती, शास्त्रज्ञांच्या तसबिरी होत्या, काचेच्या कपाटात ठेवलेला माणसाचा सांगाडा होता. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मला नळ पाहिजे," त्या म्हणाल्या. "दालनाच्या मधोमध."

"नळ कशाला? मोरी करायची का तिथं?"

"पाणचक्की करायची."

आपल्या शहरातली पाणचक्की कुणाला माहीत नाही? डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नळांतून येतं आणि भिंतीएवढ्या उंचीवरून हौदात पडतं. जमिनीखालचं पाणी वर चढलं कसं, हे आम्ही सगळे लहानपणी विचारायचो आणि मोठी माणसं म्हणायची, जुन्या लोकांची करामत. बाईंना ती करामत मुलांच्या हातात द्यायची होती. एका दोरीला टांगलेली बादली, तिला जोडलेली नळी टेबलाच्या खालून गेलेली, आणि पलीकडं एक छोटा मनोरा. मुलानं दोरी ओढून बादली वर नेली की पाणी मनोऱ्यावर चढणार. बादली खाली आणली की थांबणार. बस, एवढंच. पण दोरी मुलाच्या हातात.

वस्तू बनवायला आम्ही स्टेशनच्या रस्त्याला रशीदभाईंच्या कारखान्यात गेलो. ते ट्रकच्या बॉड्या बांधायचे. माझं चित्र बघून ते हसले. "बाई, हमारा काम ट्रक का. ये तो बच्चों का खेल है."

"ट्रकच समजा रशीदभाई. फक्त ट्रकपेक्षा जास्त मार खाणार आहे."

रशीदभाईंना ते आवडलं. बादलीची चौकट त्यांनी ट्रकच्या मागच्या फाळक्याला लागतो तसल्या जाड पत्र्यानं बांधली. दोन माणसं लोंबकळली तरी हलायची नाही.

मग तरफ आली. एक लांबलचक लाकडी दांडा, आखूड टोकाला खुर्ची, लांब टोकाला धरायला कडी. उद्घाटनाला आप्पासाहेब खुर्चीत बसले आणि दुसरीतल्या एका वेणीवाल्या मुलीनं कडीला लोंबकळून त्यांना अलगद वर उचललं. पाय अधांतरी, टोपी तिरपी. सगळं दालन हसलं. आप्पासाहेबही हसले, पण जरा उशिरा.

त्याच दिवशी त्यांनी विचारलं, "बाई, माहितीच्या पाट्या कुठं आहेत?"

प्रत्येक वस्तूसमोर एकेक प्रश्न लिहिलेला होता. पाणी वर का चढलं? एवढ्याशा मुलीनं एवढा मोठा माणूस कसा उचलला? खाली उत्तर नव्हतं.

"उत्तर कुठंय?"

"मुलांनी शोधायचं."

"आणि नाही सापडलं तर?"

"तर उद्या परत येतील."

आप्पासाहेबांनी नापसंतीनं मान हलवली, पण पाट्या लागल्या नाहीत. मुलं मात्र परत यायला लागली. पहिल्या पावसाळ्यापर्यंत दालनाची फरशी सदा ओली, दोऱ्या झिजलेल्या, तरफेची खुर्ची दोनदा मोडलेली. शिपाई वैतागला. बाई खूश. मोडलेल्या खुर्चीभोवती मुलांना गोळा करून त्या विचारायच्या, "कुठून मोडली? तिथूनच का मोडली?"

आणि मग दातेरी चाकांचा प्रकार घडला.

एक मोठं चाक, एक लहान. मोठ्याची मूठ हळू फिरवली की लहान चाक गरगरा फिरायचं. समोरून लोखंडी जाळी लावलेली होती. एका दुपारी चिकलठाण्याकडच्या शाळेची सहल आली. द्वारका नावाची पाचवीतली मुलगी खाली वाकली आणि मागचं चाक कसं अडकलंय ते बघायला तिनं जाळीच्या खालून हात घातला. वरून दुसरा मुलगा मूठ फिरवत होता.

किंकाळी मला आजही आठवते. तिचं बोट दोन दातांमध्ये चेंगरलं होतं. बाईंनी तिला उचललं, मी रिक्षा आणली. दवाखान्यात पूर्ण वेळ बाई तिचा दुसरा हात धरून बसल्या होत्या. नख गेलं, हाड मोडलं. पुढं जुळलं, पण बोट किंचित वाकडंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या घरी गेलो. आई सारजाबाई, कन्नड तालुक्यातल्या पिशोरकडची. नवऱ्याला कंपनीत काम लागलं म्हणून शहरात आलेली. तिनं आम्हाला आत बोलावलं नाही.

"खेळणी मांडता व्हय लोकाच्या लेकरांसाठी? माझ्या पोरीचं बोट गेलं ना."

"चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. "जाळी खालून बंद करायला पाहिजे होती. मी मोठ्या माणसाचा हात धरून माप घेतलं. लहान हात खालून जाईल हे मला दिसलं नाही."

सारजाबाईला बहुतेक भांडणाची तयारी होती, कबुलीची नव्हती. तिनं दाराची कडी धरली. मग म्हणाली, "आता कबूल करून काय उपेग?" आणि दार लावून घेतलं.

तिथून बाई घरी गेल्या नाहीत. सरळ रशीदभाईंकडं गेल्या. रशीदभाई म्हणाले, चाकंच काढून टाका, झंझट नको. बाई म्हणाल्या, "चाक काढलं तर त्या मुलीनं जे बघायला हात घातला होता ते कुणालाच दिसणार नाही. मला असं चाक पाहिजे जे बोट आलं की थांबेल."

त्या चाकावर आम्ही कितीतरी संध्याकाळी घालवल्या. दात बोथट केले, लांब लांब बसवले. मग बाईंनी चाक आसाला पक्कं न जोडता दोन चामडी चकत्यांच्या मध्ये नुसतं दाबून बसवलं. मध्ये काही अडकलं की मूठ फिरत राहायची, आस फिरायचा, पण चाक जागच्या जागी थांबायचं. परीक्षा भेंडीनं. रशीदभाईंच्या घरून भाजीतल्या भेंड्या यायच्या, बाई दातांमध्ये धरायच्या, रशीदभाई मूठ फिरवायचे. पहिल्या कैक भेंड्यांचा चेंदामेंदा झाला. चकत्या सैल केल्या, परत आवळल्या, परत सैल केल्या. शेवटी एक भेंडी दातांमधून निघाली ती जशीच्या तशी, टोकावरची लवसुद्धा शाबूत.

"हौ!" रशीदभाई ओरडले. "अब उंगली?"

बाईंनी बोट घातलं. चाक थांबलं.

ते चाक घेऊन आम्ही परत सारजाबाईच्या दारात गेलो. मी म्हणत होतो, नको जाऊया. बाई ऐकायच्या नाहीत. सारजाबाईनं चाकाकडं बघितलं, बाईंकडं बघितलं. "आधी तुमचं बोट घाला," म्हणाली. बाईंनी घातलं, मी मूठ फिरवली. मग सारजाबाईनं पदर खोचला आणि स्वतःचं बोट घातलं. चाक थांबलं. तिनं दुसऱ्या बाजूनं घातलं, खालून घातलं. चाक प्रत्येक वेळी थांबलं. आतून द्वारका हाताला पट्टी बांधलेली, टक लावून बघत होती. ती पुढं झाली तशी आईनं तिला मागं ओढलं.

"मी घातलं. तिचं नाय घालू देणार."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या, आणि आम्ही निघालो.

संस्थेची सभा त्याच आठवड्यात होती. आप्पासाहेबांनी शांतपणे विषय मांडला. सगळ्या वस्तूंवर काचा बसवायच्या. बटण दाबलं की आत मोटारीनं फिरेल, मुलांनी बाहेरून बघायचं. "पोरं लोकांची आहेत बाई. उद्या काय झालं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

बाई उभ्या राहिल्या. त्यांनी नवं चाक टेबलावर ठेवलं; मी मागच्या खुर्चीवर होतो.

"बोट मोडलं ती चूक माझ्या चाकाची. मुलीच्या हाताची नाही. चाक मी दुरुस्त करून आणलंय, हे तुमच्यापुढं ठेवलंय. ज्याला शंका आहे त्यानं बोट घालून बघावं. पण चूक चाकाची आणि शिक्षा हातांना, हे मी चालू देणार नाही."

कुणी पुढं आलं नाही. एक सभासद म्हणाले, "बाई, काचेतूनही दिसतंच की."

"दिसतं. सिनेमाही दिसतो. मुलाला कळतं ते त्यानं बादली खाली केल्यावर पाणी थांबतं तेव्हा. काचेआड सगळं नीट चालतं हो. काहीच चुकत नाही. मग शिकायचं कशातून?"

ठराव मंजूर झाला. काचा आल्या. पाणचक्कीचं पाणी बंद करून तिथं निळा रंग दिला. तरफेच्या खुर्चीत पुतळा बसवला. बटणं लागली.

काचा लागल्यावर पहिली सहल आली ती कन्नड तालुक्यातली. मुलं रांगेत आली, बटणं दाबली, नाकं काचेला लावली आणि बाहेर पडली. एक पोरगा शिपायाला विचारत होता, "काका, हे कुठून उघडतं?"

बाईंनी ते ऐकलं. पर्समधून पेचकस काढला आणि भर दुपारी, सगळ्या मुलांसमोर, दातेरी चाकाच्या काचेचे स्क्रू काढायला लागल्या. शिपाई धावत आप्पासाहेबांना बोलवायला गेला. ते येईपर्यंत काच भिंतीला टेकवून ठेवलेली होती आणि मुलं नव्या चाकावर तुटून पडली होती.

"बाई, हा संस्थेचा ठराव आहे."

"आहे. मी त्याला जुमानत नाही."

"मी तुम्हाला बडतर्फ करू शकतो."

"करा. पण आत्ता नको, ही मुलं गेल्यावर करा. त्यांचा खेळ अर्धवट राहील."

आप्पासाहेबांनी बडतर्फ केलं नाही. पिशोरला संस्थेची एक शाळा होती, तिथं बदली केली. आमच्याकडं पिशोर म्हणजे आडबाजूचं, शिक्षेचं ठिकाण समजत. मी बाईंना म्हणालो, थोडं नमतं घ्या, मी आप्पासाहेबांशी बोलतो. त्या माझ्यावर इतक्या चिडल्या की दोन दिवस बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पिशोरला पाठवणं ही शिक्षा असेल, तर तिथल्या पोरांनी काय गुन्हा केलाय?"

रशीदभाईंच्या कारखान्यात जुन्या चौकटी पडलेल्या होत्या. नव्या चाकासारखंच बनवलेलं दुसरं चाक, पाणचक्कीची जादा बादली, तरफेचा जादा दांडा सगळं त्यांनी ट्रकमध्ये भरून दिलं. पिशोरच्या शाळेत जागा नव्हती. बाईंनी आठवडी बाजाराच्या दिवशी, भाजीवाल्यांच्या ओळीला लागून, निंबाखाली वस्तू मांडल्या. सुटीच्या दिवशी मीही जायचो.

पहिल्या बाजाराला पोरांपेक्षा मोठ्यांचीच गर्दी. कांदे विकायला बसलेली साळूबाई नावाची म्हातारी पाणचक्कीसमोर उभी राहिली. दोरी ओढली, पाणी मनोऱ्यावर चढलं. तिनं तोंड वाकडं केलं.

"यात मोटार दडवली हाय."

"नाही हो मावशी."

"मग पाणी वर कसं चढंल? खोटं नका सांगू मला."

आणि ती टेबलाखाली शिरली. लुगडं चिखलात, पाय बाहेर, आतून आवाज, "इथं बी नाय... इथं बी नाय." लोक हसायला लागले. बाईंनी त्यांना दटावलं. "हसू नका. तुमच्यापैकी कुणी खाली वाकून पाहिलं का?" मग त्या स्वतः टेबलाखाली गेल्या आणि साळूबाईच्या हातात पकड दिली. "सोडा ती नळी. सगळं सोडवून बघा."

म्हातारीनं नळी सोडली. सगळं पाणी अंगावर आलं. ती भिजलेली बाहेर आली, नळीतून आरपार बघितलं, बादलीत हात घालून तळ चाचपला आणि म्हणाली, "मोटार नाय. मग जितकी बादली वर तितकं पाणी वर, एवढंच हाय ना?"

बाईंनी तिला मिठी मारली. मी त्यांना इतकं खूश क्वचितच पाहिलं.

एक अडचण मुलींची होती. बाजारात मुलगे चाकाभोवती गराडा घालायचे आणि मुली लांब उभ्या राहायच्या. बाईंनी सरळ जाहीर केलं, सकाळचा वेळ मुलींचा, मुलगे दुपारी. गावातले दोन-चार जण तक्रार घेऊन आले. "पोरींना काय करायचंय चाकाचं?"

"तेच त्यांना विचारायचंय मला," बाई म्हणाल्या. "त्यांनी हात लावल्याशिवाय त्या सांगणार कशा?" वेळ बदलली नाही.

इकडं शहरातलं दालन ओस पडत गेलं. एकदा बघून झाल्यावर परत कशाला जायचं? शिक्षकच म्हणायला लागले, सहल न्यायची तर पिशोरला न्या. आणि खरंच शहरातल्या शाळांच्या बसगाड्या पिशोरच्या बाजाराला यायला लागल्या. औरंगाबादची इस्त्रीच्या कपड्यातली मुलं कांद्याच्या ढिगाशेजारी ओली होऊन परत जायची.

आप्पासाहेब एका बाजाराला स्वतः आले. बराच वेळ निंबाखाली खुर्ची टाकून बघत बसले. मग म्हणाले, "बाई, परत चला. काचा काढतो."

"पाट्या?"

"पाट्या नको तर नको."

"आणखी एक. जुनं चाक, ज्यात द्वारकाचं बोट गेलं, ते मूठ काढून दालनात ठेवायचं. समोर प्रश्न लिहायचा, यात काय चुकलं? आणि खाली माझं नाव."

आप्पासाहेब चमकले. "आपली चूक आपणच मांडायची? संस्थेची बदनामी होईल."

"चूक लपवून विज्ञान शिकवता येत नाही, आप्पासाहेब."

"एवढं सोडा, बाकी सगळं मान्य."

"मग नाही येत."

मी कपाळाला हात लावला. आप्पासाहेब उठले, जाताना म्हणाले, "तुमच्यासारखी हट्टी बाई नाही पाहिली." त्यात राग होता तसं कौतुकही होतं, असं मला वाटलं. बाई म्हणाल्या, तुम्हाला वाटतं तसं काही नव्हतं.

त्या नोकरीच्या अगदी शेवटापर्यंत पिशोरला राहिल्या. आप्पासाहेबांनंतर नव्या मंडळानं दालन त्यांच्या ताब्यात दिलं, अट मान्य करून. तेव्हा बाईंची निवृत्ती तोंडावर आली होती. निवृत्त झाल्यावरही त्या रोज जातच राहिल्या. जुनं चाक दाराशीच ठेवलं. मुलं त्याच्याभोवती वाकून वाकून बघतात आणि बहुतेकांना खालची मोकळी जागा सापडते. एकदा द्वारका आली होती, तोवर चांगली मोठी झालेली, मैत्रिणींना घेऊन. चाकाकडं बघून तिनं वाकडं बोट हवेत धरलं आणि मैत्रिणींना म्हणाली, "हे माझं." सारजाबाई मात्र कधीच आली नाही. बाईंनी तिला बोलावलंही नाही. "तिचा राग तिचा आहे. तो सोड, असं मी का म्हणू?"

आता बाई ऐंशीच्या पुढं आहेत. गुडघे दुखतात, कानाला यंत्र आहे. परवा एका शाळेचे सर मुलांना तोंडावर बोट ठेवून रांगेत आत आणत होते. बाईंनी त्यांना दारातच अडवलं. "सर, समोर चहाची टपरी आहे. तुम्ही तिथं बसा. तासाभरानं या." सर गेले. मग त्या मुलांकडं वळल्या आणि ओरडल्या, "पळा!"

गेल्या वर्षी मंडळानं दालनाला त्यांचं नाव द्यायचं ठरवलं. सत्काराला बोलवायला मीच गेलो होतो. त्यांनी कानातलं यंत्र नीट बसवून पूर्ण ऐकून घेतलं.

"त्यांना सांगा रामकिसन सर, नाव नको. नाव दिलं की तसबीर येते, तसबीर आली की हार येतो, आणि मग मुलं लांब उभी राहून नमस्कार करतात. मला ते नकोय."

"पण त्यांनी ठराव केलाय बाई."

"मग मी परत नाही म्हणते," त्या म्हणाल्या. "जा, सांगून या."